सदा, तुझा पाइप मी उघडून पाहिला

सदा, मेल्या, काल तुझं तेरावं झालं आणि आज सकाळी नऊ वाजता मी तुझ्या गाडीचं बॉनेट उघडलं. तू असतास तर माझ्या बोटांवर पाना हाणला असतास. नव्हतास, म्हणून उघडलं.

आधीच सांगून टाकतो, हे तुझं गुणगान नाही. गुणगान काल झालं. जेसल पार्कातली निम्मी सोसायटी तुझ्या फोटोसमोर रांग लावून उभी होती. कोणी म्हणालं हसतमुख, कोणी म्हणालं परोपकारी. तळमजल्यावरचे पाटणकर तर म्हणाले, "सदानंद म्हणजे कोणाच्या अध्यात ना मध्यात." माझ्या घशात जिलबी अडकली. जो माणूस पाच वर्षं माझा फोटो दुकानाच्या भिंतीवर टांगून अख्ख्या नवघरला हसवत होता, तो कोणाच्या अध्यात ना मध्यात? तेराव्याला भांडू नये म्हणतात. पण पाणी पिऊन जिलबी खाली ढकलली आणि मनातल्या मनात तुला म्हटलं, मेलास म्हणून सुटलास असं समजू नकोस. मी शपथ घेतलीय. सूड उगवल्याशिवाय हा दत्ताराम शांत बसायचा नाही.

आता तू म्हणशील, "दत्त्या, लोकांना आधी भांडण कशावरून ते सांग, मग शपथा घे." सांगतो. तू असाच होतास. माझी गोष्ट रंगात आली की कात्री घेऊन बसायचास. मी म्हणायचो, गाडी बघायला पन्नास माणसं जमली. तू म्हणायचास, "सात. त्यात एक कुत्रा."

तर भांडण पाइपावरून. आपल्या दोघांच्या गाड्या सेकंडहँड, एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या. तुझी लाल, माझी पांढरी. इंजिन सोळा व्हॉल्व्हचं, घोड्यासारखं. पण कंपनीने त्या घोड्याच्या नाकात बोळा कोंबलेला, म्हणजे इंजिनातला धूर जिथून बाहेर पडतो तिथे एक अरुंद, ओतीव लोखंडी ठोकळा बसवलेला. तो काढायचा आणि त्याच्या जागी चार मोकळ्या, वळणदार नळ्यांचा हेडर (आपण त्याला पाइपच म्हणायचो) बसवायचा, म्हणजे घोडा श्वास घेतो. हे मला तूच शिकवलंस. तुझं नवघर रोडला सायलेन्सर दुरुस्तीचं दुकान, मी भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. तुला आवाजावरून गळती कळायची. मला धातू कळायचा. म्हणजे मला तसं वाटायचं.

आणि का वाटू नये? आमच्या लाइनीत बावीस वर्षं काढलेला माणूस मी. शर्टाच्या खिशात पेन नसेल एखाद वेळ, पण जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक कायम. लग्नात ताट हातात आलं की आधी चुंबक लावायचो, मग भात वाढून घ्यायचो. चिकटलं तर हलकं, न चिकटलं तर अस्सल. तुझ्या घराच्या वास्तुशांतीला मी परात दिली ती आठव. नेहमीच्या पत्र्याची नव्हे, समोर उभा राहून दुप्पट जाड पत्र्याची करून घेतलेली. मागे यंत्राने ठिपक्या ठिपक्यांत नाव घातलेलं: 'श्री. सदानंद यांस वास्तुशांतीनिमित्त दत्ताराम यांजकडून.' चुंबक तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. आणि तू ती दोन्ही हातांनी उचलून काय म्हणालास? "ही परात आहे की ट्रकचं चाक? तुझ्या वहिनीचा खांदा निखळला तर बसवायला कोण येणार?"

असो. हेडर घ्यायला आपण दोघं मीरा रोडला हितेशभाईच्या दुकानात गेलो. त्याने काचेच्या काउंटरवर दोन ठेवले. एक करडा, निस्तेज, जड, नळ्यांवर वेल्डिंगचे काळे-निळे डाग. दुसरा म्हणजे काय सांगू, देवघरात ठेवावा असा. त्यात बघून मी भांग पाडला.

"दत्ताभाई, इम्पोर्टेड है," हितेशभाई म्हणाला. "लाइफटाइम चीज छे."

मी चुंबक काढलं. करड्याला लावलं. खट. असं चिकटलं की सोडवायला दोन माणसं लागली. (एक. ठीक आहे, एक.) चकचकीतला लावलं, घसरून खाली पडलं.

"झालं!" मी म्हटलं. "हे अस्सल स्टील. ते लोखंड."

तू माझ्याकडे बघितलंस. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि मेल्यावर वर येऊन तुला दाखवणार आहे. "दत्त्या," म्हणालास, "भात शिजवायचाय का ह्यात?"

मग तुझं प्रवचन सुरू झालं. हितेशभाईचे दोन चहा झाले तरी संपेना. इंजिनाला टेकणारी जी चपटी पट्टी असते, तो फ्लँज, तो तू काचेवर पालथा ठेवलास आणि खाली वाकून एक डोळा मिटून बघितलंस. चकचकीतच्या खालून उजेड दिसत होता. करडा काचेला चिकटून बसला. "वाकडा फ्लँज बोल्टने आवळला की ताण नळीवर येतो," तू म्हणालास. मग नळीच्या तोंडात बोट घालून आतून फिरवलंस. चकचकीतच्या आत वेल्डिंगचे गोळे लोंबत होते. वळणावर नळी चेपली आहे का ते पाहिलंस. चार नळ्या जिथे एक होतात तिथे जोड थोडा सरकतो का ते हलवून बघितलंस. "तापलं की लोखंडही फुगतं. त्याला सरकायला जागा नाही दिली तर ते फुटून जागा करतं." आणि सगळ्यात शेवटी, बोट नाचवत, "ब्रॅकेट! खालून आधाराचा ब्रॅकेट लावलाच पाहिजे. सगळा सायलेन्सर त्या चार नळ्यांना लोंबकळत ठेवलास तर कुठलाही धातू फुटेल. ब्रॅकेट विसरणारा माणूस आणि चप्पल न घालता खाडीत उतरणारा माणूस एकच."

हे वाक्य लक्षात ठेव, सदा. आज कामाला येणार आहे.

मी चकचकीत घेतला. तू करडा. आणि दुकानाच्या पायरीवर पैज लागली. ज्याचा पाइप आधी फुटेल त्याने तो गळ्यात घालून मिश्राजींच्या चहाच्या टपरीसमोर उभं राहायचं, आणि फोटो काढून घ्यायचा.

माझा आठ महिन्यांत फुटला. रविवारी सकाळी, उत्तनच्या चढावर, तू पुढे, मी मागे, आणि मी तुला गाठणारच होतो. (गाठणारच होतो. ह्यात कात्री लावू नकोस.) तेवढ्यात असा आवाज झाला की डोंगरीच्या चर्चमधली घंटा आपोआप वाजली. मिठागरातले पाचशे बगळे एकदम उडाले आणि वसईला राहायला गेले, ते अजून परत आलेले नाहीत. तू गाडी उलटी आणलीस, काच खाली केलीस आणि म्हणालास, "तीन."

"काय तीन?"

"बगळे. तीन होते."

नंतर आमच्या कारखान्याला पत्रा देणाऱ्याने माझी अक्कल ताळ्यावर आणली. स्वस्तातल्या चकचकीत स्टीललाही चुंबक चिकटत नाही म्हणे. आणि सायलेन्सरला जो टिकाऊ पत्रा वापरतात, त्याला खुशाल चिकटतं. म्हणजे माझं बावीस वर्षांचं चुंबक ताटापुरतं बरोबर आणि गाडीपुरतं गाढव. मी ते तुला कधी सांगितलं नाही. तुला ते आधीपासून माहीत होतं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

पण फोटो! अरे, पैज फोटोची होती हे कबूल. पण तू माझ्या गळ्यात नुसता पाइप घालून थांबला नाहीस. वरून झेंडूचा हार घातलास. मिश्राजींनी कपाळाला टिळा लावला. "भाईसाब, थोडा मुस्कुराइए." रोल धुऊन आला तेव्हा तू त्यातला फोटो मोठा करून लॅमिनेट केलास, ग्राइंडरच्या वर टांगलास आणि खाली रंगवून घेतलंस: 'चुंबकमहर्षी'. गिऱ्हाईक विचारायचं, हे कोण? तू हात जोडून म्हणायचास, "आमचे गुरू. ह्यांनी जे करायला सांगितलं त्याच्या उलट केलं की गाडी शंभर वर्षं टिकते."

माझ्या मुलीला बघायला विरारचे पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला, मुलगा मुलगी बोलले. निघताना मुलाचे वडील दारात थबकले. "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय हो. नवघर रोडला सायलेन्सरचं दुकान... तुम्ही चुंबकमहर्षी ना?" लग्न जमलं, ते माझ्या मुलीच्या पुण्याईने. लग्नात जावयाच्या मित्रांनी मला स्टेजवर चुंबक भेट दिलं. पहिल्या पंगतीत पोट धरून हसणारा कोण होता? अध्यात ना मध्यात!

त्या दिवशी मी शपथ घेतली. तुझा पाइप फुटेल. फुटणारच. आणि तो मी माझ्या हाताने तुझ्या गळ्यात घालीन.

मग मी वाट बघत राहिलो. दर रविवारी तुझ्या गाडीजवळ आलो की माझ्या बुटाची नाडी सुटायची. मी सँडल घालायला लागलो तरी सुटायची. खाली वाकून बघायचो. एक केसाएवढी चीर दिसू दे, नारळ फोडतो. तू वरून विचारायचास, "झालं दर्शन? प्रसाद हवाय का?"

तीनेक वर्षांनी एक दिवस बघतो तर तुझ्या हेडरला पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या. उष्णता कोंडायची कापडी पट्टी. बघून मी उडालो. कारण तूच गिऱ्हाइकांना ओरडून सांगायचास, आपल्या भाईंदरात पट्टी लावू नका, मिठागरांवरून येणारी हवा, कापडात ओल धरते आणि आतून पाइप खाते. पाइप नागडा बरा.

"काय रे," मी म्हटलं, "पाइपाला सोवळं नेसवलंस?"

"फॅशन आहे. तुला नाही कळायची."

त्यानंतर तू मला बॉनेटजवळ फिरकू दिलं नाहीस. म्हणायचास, तुझी नजर लागते. मीही गर्वाने फुगलो, माझी नजर एवढी जहाल! मूर्ख मी. सुपरवायझर होतो ना बावीस वर्षं? माल झाकून ठेवलेला दिसला की आधी तोच उघडून बघायचा, एवढी साधी गोष्ट.

आणि दिवाळीच्या आधीची ती सकाळ. मिश्राजींच्या टपरीवर तू आणि मी. तुझा चेहरा जरा उतरलेला होता, मला वाटलं ॲसिडिटी. तू ग्लासात बघत म्हणालास, "दत्त्या, तो फोटो काढून टाकू का आता? पुष्कळ झालं."

मला कळायला हवं होतं. तू कधी कशाची माफी मागितली नव्हतीस. पण पाच वर्षांचा राग माझ्या डोक्यात गेला. मी म्हटलं, "हात लावून तर बघ. तो फोटो मी काढणार, माझ्या हाताने, तुझा पाइप फुटेल त्या दिवशी."

तू काहीतरी बोलणार होतास. तोंड उघडलंस. मग बंद केलंस, आणि म्हणालास, "बरं. तसं."

तीन आठवड्यांनी तू गेलास. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. त्याबद्दल माझा तुझ्यावर वेगळा राग आहे, तो ह्या कागदावर मावणार नाही.

आता कालचं. तेराव्याच्या स्वयंपाकाला मंदावहिनी पुऱ्यांचं पीठ तीन पातेल्यांत मळत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही दिलेली ती परात असती तर एका दमात झालं असतं. ह्यांनी गावाला आईंना पाठवली म्हणे. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, आली नाही." मी म्हटलं, एस.टी.त हरवली असेल. मग म्हणाल्या, "रविवारी गाडी बघायला एक जण येणार आहेत. जरा सुरू करून बघाल? हे गेल्यापासून कोणी हात लावला नाही."

जरा सुरू करून बघाल! अहो वहिनी, ह्या क्षणाची मी पाच वर्षं वाट बघतोय.

आज सकाळी बॉनेट उघडलं. पट्टीचं टोक शोधलं आणि कापत गेलो. कुजलेली होती, हातात तुकडे यायला लागले. आणि दुसऱ्या-तिसऱ्या नळीच्या मध्ये, फ्लँजपासून चार बोटांवर, सदा, तिथे ठिगळ होतं.

मी एवढ्या जोरात ओरडलो की सोसायटीचा वॉचमन काठी घेऊन धावत आला. "क्या हुआ साब, साँप?"

"साँप नहीं," मी म्हटलं, "चोर पकडा!"

फुटला होता! तुझा फुटला होता! पट्टी लावलीस त्याच सुमाराला फुटला असणार. म्हणजे दोन वर्षं तू फुटका पाइप घेऊन माझ्या फोटोखाली ताठ मानेने बसत होतास. मी आणखी खाली वाकलो. ब्रॅकेट नव्हता. काउंटरवर ज्याच्यावरून माझं डोकं खाल्लंस तो ब्रॅकेट कधीतरी कामासाठी काढलेला आणि परत लावलेलाच नाही. दोन रिकामी भोकं माझ्याकडे बघत होती. खाडीत अनवाणी उतरणारा माणूस कोण रे, सदा?

मी वायरब्रश घेतला. ठिगळ घासलं. काम मात्र सुरेख, आर्गन गॅसचं वेल्डिंग, शिंप्याने काज करावं तसं एकसारखं. धातू तापून सोनेरी-निळा झालेला. खिशातलं चुंबक लावलं. करड्या नळीला खट. ठिगळावरून घसरून पडलं.

मग अजून घासलं, तेव्हा ठिपके दिसायला लागले. ठिपक्यांची अक्षरं झाली.

'त्ताराम यांज'.

मी तिथेच बॉनेटखाली उभा राहिलो. वॉचमनने विचारलं, "साब, तबियत ठीक है?" मी म्हटलं, ठीक है, जा तू.

तुझ्या दुकानात पत्र्याचे शंभर तुकडे पडलेले असायचे. (वीस. बरं, वीस.) पण दोन वर्षं खारी हवा आणि आग सोसेल असं अस्सल स्टील एकच होतं, आणि ते तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्याकडे पत्रा मागितला असतास तर मी गाडी भरून आणला असता. पण मागितलं असतंस तर मी विचारलं असतं, कशाला हवाय. म्हणून तू घरची परात कापलीस. ट्रकचं चाक कापलंस, चोरा. आणि ते टिकलं. करडी नळी दुसरीकडे पुन्हा बारीक चिरायला लागली होती, पण माझा तुकडा जशाच्या तसा होता.

पाइप उतरवला, खांद्यावर घेतला आणि जिना चढून वर आलो. वहिनींनी दार उघडलं. मी ठिगळ दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि म्हणाल्या, "अगं बाई. माझी परात!"

मग मी त्यांना पैज सांगितली. त्यांना फोटो माहीत होता, पैजेचं दुसरं टोक माहीत नव्हतं. ऐकता ऐकता त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. तेरा दिवसांत पहिल्यांदा. "आईंना पाठवली!" त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडावर! मी दोन वर्षं सासूबाईंवर संशय घेतेय!" आणि तुझ्या फोटोकडे बोट करून, "भावोजी, पैज म्हणजे पैज. घाला गळ्यात."

"वहिनी, हार आहे अजून."

"मग काय झालं? तुम्हाला नव्हता का हार?"

फोटो भिंतीवरून काढून खुर्चीत बसवला. तुझ्या गळ्यात पाइप घातला, ठिगळ पुढे येईल असा. वहिनींनी हार सरळ केला. आता माझ्या मोबाइलमध्ये कॅमेरा आहे, रोल धुवायची भानगड नाही. मी म्हटलं, "भाईसाब, थोडा मुस्कुराइए." तू आधीच हसत होतास, निर्लज्जा.

दुपारी तुझं दुकान उघडलं. वहिनी म्हणतात ते बंद करायचं नाही, तुझा कारागीर चालवेल. गाडी विकली जाईल, कंपनीचा जुना ठोकळा परत बसवून देतो. पाइप मात्र विकायचा नाही. ग्राइंडरच्या वर माझ्या फोटोशेजारी तुझा हा पाइपवाला फोटो टांगला, माझ्यापेक्षा दोन बोटं खाली. रंगाऱ्याकडून लिहून घेतलं: 'परातमहर्षी'. माझा फोटो काढणार होतो, तशी शपथच होती. हात लावला आणि राहू दिला. एकटा तू तिथे काय करशील?

सूड पूर्ण झाला, सदा. एवढा पूर्ण की सांगायला नको. फक्त तुझं तोंड बघायचं राहिलं. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, मान खाली, पाना उगाच पुसतोयस, असा तू मला बघायचा होतास. पाच वर्षं मी ते चित्र मनात रंगवलं आणि ऐन वेळी तू जागेवर नाहीस. पैजेत असा पळ काढणारा माणूस मी पाहिला नाही.

संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं. गाडीला हेडर बसवायचाय, कुठला टिकेल विचारत होतं. मी त्याला काचेवर पालथा ठेवायला सांगितलं, आत बोट फिरवायला सांगितलं, ब्रॅकेटवर अर्धा तास बोललो. त्याने भिंतीकडे बघून विचारलं, "हे दोघं कोण?"

मग काय, मी खुर्ची ओढली. उत्तनचा चढ सांगितला, डोंगरीची घंटा वाजवली. म्हटलं, असा आवाज झाला की मिठागरातले पाचशे बगळे एकदम उडाले. आणि थांबलो. सवयीने थांबलो रे, ग्राइंडरकडे बघून.

तो माणूस म्हणाला, "बाप रे, पाचशे!"

गोष्ट तिथेच सोडली.

तीनच होते, सदा.